जिभेखालची ईज

सुगी आली की सास्तूरमधल्या आमच्या घराचे आवाज बदलतात. एरवी मिक्सर, टीव्ही, गल्लीतून जाणारी मोटरसायकल. माघ सरता सरता हे सगळं मागं पडतं आणि भल्या सकाळी बाहेर पडणाऱ्या माणसांचे पाय, भाकरीच्या डब्यांची झाकणं, पाण्याच्या कळशा ऐकू यायला लागतात. शेतात तर विचारूच नका. आमच्या रानातली ज्वारी आम्ही कापत नाही, उपटतो. दोन्ही हातांनी ज्वारीचं उभं ताट धरायचं, कमरेतून मागं रेलायचं आणि ओढायचं. भेगाळलेल्या काळ्या मातीतून मूळ सुटताना जो ‘खट्ट’ आवाज होतो, तो एकदा कानात बसला की सुगी कधी हे कॅलेंडरमध्ये बघावं लागत नाही.

यंदा मी आठ दिवसांची रजा काढून आले आहे. हाताला चिंध्या गुंडाळून मायबरोबर पात, म्हणजे उपटायची ओळ, धरते, आणि दुपारपर्यंत माझी कंबर मला माझी लायकी दाखवून देते. माय हसते. पण यंदाच्या आवाजांत एक आणखी आवाज आहे. बारीक, खुळखुळ असा. तो अण्णांच्या खिशातून येतो. त्या आवाजापाशी यायचं तर तीन वर्षांपूर्वीच्या सुगीतून जावं लागतं. त्या सुगीत मी माझ्या बापाला जवळजवळ गमावलं होतं, तेही माझं सगळं शहाणपण जवळ असताना.

अण्णा म्हणजे माझे वडील. लोहाऱ्याच्या तहसील कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवले, त्यामुळं प्रत्येक गोष्टीला तिची जागा हवी हा त्यांचा हट्ट. चष्मा कुठं, छत्री कुठं, भिंतीवरच्या दोन तसबिरींना घालायच्या हारांचा दोरा कुठं, सगळं ठरलेलं. आणि या सगळ्या शिस्तीची राजधानी म्हणजे त्यांची चंची. कापडाची, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून कमरेला खोचायची पिशवी. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी आणि सगळ्यात मोठ्या कप्प्यात तंबाखू. डोळे मिटूनसुद्धा त्यांचं बोट चुकायचं नाही.

त्या सुगीच्या आधीच्या दिवाळीत त्यांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली आणि गोळ्या दिल्या. छातीत भरून आलं की एक गोळी जिभेखाली ठेवायची. तपकिरी काचेची इवलीशी बाटली, आत तांदळाच्या कणीएवढ्या गोळ्या. मी पुण्याहून आणखी दोन बाटल्या आणून दिल्या. अण्णांनी तंबाखू एका दिवसात सोडली. तीस-पस्तीस वर्षांची संगत, पण सोडताना हूं की चूं केलं नाही. मग चंचीतला तो मोठा कप्पा रिकामा राहिला. शिस्तीच्या माणसाला रिकामा कप्पा कसा बघवेल? त्यांनी बाटलीतल्या गोळ्या काढून तिथं ठेवल्या.

संक्रांतीला मी घरी आले तेव्हा त्यांनी मला चंची उघडून दाखवली. मी काय केलं असेल? फोटो काढला. ‘तंबाखूच्या जागी औषध!’ असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. मामा, मावशा, चुलतभाऊ, सगळ्यांनी अंगठे वर केले. त्या अंगठ्यांची मला आजही लाज वाटते.

कारण त्या वर्षी, पुण्यात पीएचडी करताना, माझं सगळं आयुष्य ज्या गोष्टीभोवती फिरत होतं, तीच गोष्ट त्या गोळीतून निघते. नायट्रिक ऑक्साइड. नायट्रोजनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक अणू, संपलं. याहून आटोपशीर संसार कुणाचा असेल! रंग नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि शरीरात आयुष्य म्हणाल तर काही सेकंदांचं. आपल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर हा वायू स्वतःच तयार करतं. तयार झाला की तो दार शोधत बसत नाही. पेशीच्या पातळ पडद्यातून आरपार जातो, शेजारच्या पेशीत शिरतो, काम करतो आणि नाहीसा होतो. त्या गोळीतलं औषध शरीरात गेल्यावर हाच वायू देतं. मग रक्तवाहिनीचा स्नायू सैल पडतो आणि छातीवरचं ओझं उतरतं.

माझं काम थोडं निराळं होतं. या वायूनं पेशीच्या आतल्या सांगाड्याचं आणि तिच्या अंगावरच्या ग्राहींचं काय होतं, हे मी बघत होते. शाळेच्या पुस्तकातली पेशी तुम्हाला आठवत असेल, फोडलेल्या अंड्यासारखी. मध्ये बलक, बाजूनं पातळ पांढरं. मीही बारा-पंधरा वर्षं तसंच समजत होते. प्रत्यक्षात पेशी आतून दोऱ्यांनी ताणलेली असते. ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे हे दोरे पेशीला आकार देतात, तिला पाय रोवायला आणि सरकायला लावतात. यालाच तिचा सांगाडा म्हणायचं. पण हाडांचा नव्हे, सतत उसवणारा आणि सतत विणला जाणारा. आणि पेशीच्या अंगावर असतात ग्राही, म्हणजे बाहेरून आलेला निरोप झेलणारी, बाहेरच्या गोष्टीला धरून ठेवणारी प्रथिनं. त्यांतली कित्येक आतून या दोऱ्यांना बांधलेली असतात. बाहेरचा हात आणि आतला कणा, दोन्ही एकमेकांना घट्ट.

पडदे ओढलेल्या खोलीत, भर दुपारी, मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. रंग दिलेले दोरे लाल दिसत होते, ग्राही हिरव्या ठिपक्यांसारखे. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी. प्रत्येकीत या कडेपासून त्या कडेपर्यंत लाल तारा ताणलेल्या आणि तारांच्या टोकांशी हिरवे ठिपके. मग मी शेजारची थाळी घेतली, वायू देणारं रसायन घातलेली. तिथं तारा सैल झाल्या होत्या. काही विरल्या होत्या, काही कडेला गोळा झाल्या होत्या. हिरवे ठिपके जागा सोडून कुठं घोळक्यानं बसले होते, कुठं आत ओढले गेले होते. पेशी मेलेली नव्हती. नुसती तिनं पकड सोडली होती. आणि तिसरी थाळी, वायू धुऊन टाकल्यावर बऱ्याच वेळानं रंगवलेली, तिच्यात तारा पुन्हा ताणलेल्या! मी खुर्चीतून उठलेच नाही. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘सुजाता, रडून झालं असेल तर मोजायला घे.’’

मोजलं. पुढं महिनोन्‌महिने मोजतच राहिले. प्रत्येक पेशीत असंच होतं असं नाही, किती वायू, किती वेळ, कोणती पेशी, यावर सगळं अवलंबून. थोडा असला तर समजूत घालतो, फार झाला तर तोच वायू पेशीला जाळतो. पण पहिल्या दिवशीचं ते नवल मोजण्यात कधी सापडलं नाही, आणि मोजण्यानं ते कमीही झालं नाही.

तीन वर्षांपूर्वीची ती सुगी मी मुद्दाम रजा घेऊन गाठली होती. पहिल्याच दिवशी बांधावरच्या बोरीखाली भाकरी सोडून बसलो असताना अण्णांनी विचारलं, ‘‘सुजे, तू दिसभर त्या दुर्बिणीत बघतीस तरी काय?’’

मी सांगितलं. दोऱ्या, ताण, सैल पडणं, पुन्हा विणणं. अण्णा ठेचा लावलेली भाकरी हातात तशीच धरून ऐकत होते.

‘‘म्हंजी पेशीचं घर पत्र्याचं हाय,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्या जुन्या गावातल्यावानी दगडाचं न्हाय.’’

त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं सास्तूर पडलं तेव्हा अण्णा तरुण होते, मी जन्मले नव्हते. हातभर जाड दगडमातीच्या भिंती माणसांवर आल्या, आणि नंतर कितीतरी दिवस गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. जे मला समजावून सांगायला पाच मिनिटं लागली होती, ते त्यांनी एका वाक्यात स्वतःच्या आयुष्यातून काढून माझ्यापुढं ठेवलं.

‘‘आणि अण्णा, हाच वायू आभाळात वीज चमकली की तयार होतो. तिच्या उष्णतेनं हवाच बदलते. पुढं तेच पावसातून रानात उतरतं, पिकाला लागतं.’’

‘‘इजंतली हवा?’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् तीच माझ्या जिभंखाली?’’

‘‘तीच.’’

अण्णांनी भाकरी खाली ठेवली आणि मायकडं बघितलं. ‘‘ऐकलंस का? म्या तोंडात ईज घिऊन फिरतुया!’’

‘‘तरीच लई कडाडताव घरात,’’ माय म्हणाली.

आम्ही तिघंही खूप हसलो. मी तर त्या दिवशी स्वतःवर भलतीच खूश होते. शेतात बसून बापाला आपलं शास्त्र कळलं, याहून मोठी पदवी कोणती?

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा रानातून कडब्याच्या दोन पेंढ्या खांद्यावर घेऊन आले. नको म्हटलेलं असताना. अंगणात पेंढ्या टाकल्या आणि दाराच्या पायरीवर बसले. मी चहा घेऊन बाहेर आले तर चेहरा राखेसारखा झालेला. घाम दरदरून. डावा हात छातीवर आणि उजवा कमरेच्या चंचीकडं. मी चंची उघडली, गोळी काढली, जिभेखाली ठेवली. त्यांनी माझं मनगट पकडलं. शिपायाचा हात, लोखंडी कपाटं ओढलेला. ती पकड आठवली की अजून मनगट ठणकतं.

पाच मिनिटं गेली. काहीच नाही. दुसरी गोळी ठेवली. मायनं शेजारच्या दादाला हाक मारून जीप काढायला लावली. अण्णा कसंबसं बोलले, ‘‘चव लागंना गं. आधी जिभंला चुणचुण व्हायची. ही खडू खाल्ल्यावानी लागती.’’

तेव्हा मला कळलं. ते औषध उडून जातं. म्हणून तर ते काचेत असतं, घट्ट झाकणाच्या काचेत, अंधारात. कापडात ठेवलं तर कापड ते पिऊन टाकतं, उरलेलं हवेत जातं. हे मला ठाऊक होतं. वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. वायूची आणि उडून जाणाऱ्या रसायनांची राखण करणं हे माझं रोजचं काम होतं. प्रयोगशाळेत एखादी बाटली उघडी दिसली तर मी पोरापोरींच्या अंगावर ओरडत असे. आणि माझ्या बापाचा जीव तंबाखूच्या कप्प्यातून महिनाभर हळूहळू उडून जात होता, तेव्हा मी त्याचा फोटो काढला होता.

‘‘दुसरी बाटली, माय! मी आणलेली! कुठाय?’’

माय घरात गेली. बियाण्याच्या ज्वारीचा डबा तिनं ओढला, झाकण काढलं आणि हात कोपरापर्यंत आत घातला. पुढच्या वर्षीच्या पेऱ्याचं बी ती त्या डब्यात कडूलिंबाचा पाला घालून ठेवते. घरातली सगळ्यात गार, सगळ्यात कोरडी, सगळ्यात अंधारी जागा. हात वर आला तेव्हा मुठीत तपकिरी बाटली होती. झाकण न उघडलेली. बोटांना ज्वारीचे दाणे चिकटलेले.

‘‘जपायचं ते ह्यातच ठिवती म्या,’’ ती म्हणाली. जशी काही चूक तिनंच केली होती.

नवी गोळी अण्णांच्या जिभेखाली गेली. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. एक मिनिट. दीड मिनिट. मग माझ्या मनगटावरची पकड सैल झाली.

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, गेले. वर्षभर मी सैल पडणाऱ्या दोऱ्या बघत होते, त्यांचे आलेख काढत होते, त्यावर भाषणं देत होते. पण सैल पडणं म्हणजे काय, ते मला त्या पायरीवर कळलं. मग अण्णांनी लांब श्वास घेतला, डोळे उघडले, आणि त्यांची बोटं पुन्हा माझ्या मनगटावर मिटली. आधीसारखी घट्ट नाही. बाजारात लेकराचा हात धरतात तशी.

गोळीचं काम रक्तवाहिनीच्या स्नायूवर चालतं आणि मी थाळीत बघते ती गोष्ट वेगळी, हे मला कळतं. शास्त्राच्या परीक्षेत मी हे दोन्ही एकत्र करणार नाही. पण वायू तोच. आभाळात विजेनं घडतो तो, थाळीत तारा सैल करतो तो, आणि त्या सकाळी दोन मिनिटांत माझ्या बापाच्या चेहऱ्यावर रंग परत आणला तो. एवढंसं काहीतरी, दोन अणूंचं, आणि त्याच्यावर आमचं सगळं घर टेकलेलं. मला अजूनही ते विचारात मावत नाही.

जीपमधून दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी वेळेत आलात हे बरं झालं म्हटलं, पुढं मोठ्या शहरात पाठवलं, हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसली, अण्णा वाचले. पण त्या पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधीच्या गोळ्या मागितल्या. मी चंची उघडून दाखवली. ते चिडले. ‘‘कापडात ठेवतात का ही गोळी? घरात कुणी शिकलेलं नाही का?’’

मायनं भिंतीकडं बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून अण्णा म्हणाले, ‘‘न्हाय सायेब. आमी समदी अडाणीच.’’

गावभर माझ्या शिक्षणाची टिमकी वाजवणारा माणूस. जयभीम घालायला कुणी थांबलं की तिसऱ्या वाक्याला ‘आमची सुजाता पीएचडी करती’ म्हणणारा माणूस. त्यानं नाकात नळी असताना माझ्यासाठी हे खोटं सांगितलं. आणि मी ते खोटं राहू दिलं.

तीन वर्षं हे मनात घेऊन फिरले. प्रयोगशाळेत हिरवे ठिपके मोजताना कधीतरी वाटायचं, जवळच्याचा निरोप पोचायला अंगावर ग्राहीसारखं काही असावं लागतं. माझ्या अंगावर ते नव्हतं का? की मीच आत ओढून घेतलं होतं, पुस्तकं वाचता वाचता?

काल बोरीखाली बसल्यावर शेवटी मी सांगून टाकलं. ‘‘अण्णा, गोळ्या कापडात ठेवायच्या नसतात हे मला माहीत होतं. मी बघितलं आणि हसले. चूक माझी होती.’’

अण्णांनी पायांची माती झाडली.

‘‘जागा रिकामी व्हती म्हणून गोळ्या चंचीत ठिवल्या, आसं तुला वाटतं?’’ त्यांनी विचारलं. माय विहिरीवर पाणी आणायला गेली आहे याची त्यांनी खात्री करून घेतली. ‘‘बाटली वाजायची गं. एक गोळी काढली की खुळखुळ. तुझी माय आयकायची. आयकलं की तिचा घास खाली जायचा न्हाय. त्या महिन्यात मला लई बारी गोळी घ्यावी लागत व्हती. तिला कळू नये म्हणून चंचीत टाकल्या. कापड वाजत न्हाय.’’

इतकी वर्षं मी त्याला शिस्त समजत होते.

‘‘मायला हे माहीत आहे?’’

‘‘न्हाय,’’ अण्णा म्हणाले. मग थोडं हसून, ‘‘आसंलही. तिचं काय सांगावं?’’

आता बाटली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. मायनं त्या खिशाला आतून दुहेरी अस्तर शिवलंय, म्हणजे ऊन लागू नये. ठरावीक दिवसांनी ती जुनी बाटली काढून नवी देते, आणि शिल्लक बाटली ज्वारीच्या डब्यात. अण्णांना ओझं उचलायला बंदी आहे, तरी ते पातीच्या पुढं-मागं हिंडतात, पडलेली कणसं वेचतात, आणि पाऊल टाकलं की खिशात गोळ्या वाजतात. खुळखुळ. खुळखुळ.

आज सकाळी मी मायशेजारी पात धरून होते. ज्वारीची ताटं पुरुषभर उंच, त्यामुळं अण्णा दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. मायची मान खाली, हात चालू. पण मी नीट बघितलं तेव्हा कळलं की तिचे हात त्या आवाजाच्या तालावर चालले आहेत. तीन वर्षं तिच्या कानानं हेच काम केलं असणार.

एकाएकी आवाज थांबला.

मायचा हात ताटावर तसाच राहिला. माझाही. दोघी सरळ उभ्या राहिलो, एकमेकींकडं न बघता. रानात दुसरं काहीच ऐकू येईना.

मग ताटं बाजूला सारत अण्णा आमच्या पातीत आले. हातात चार कणसं, कपाळाला आठ्या, आणि चेहऱ्यावर आमच्यापेक्षा मोठी काळजी.

‘‘काय झालं गं?’’ ते म्हणाले. ‘‘कणसं उचलाया बसलू, तर तुमचं उपटायचं आयकू येईना म्हणून आलू म्या.’’